पाणंदवाडीच्या माशांचा जप

पहाटे साडेपाचला पाणंदवाडीच्या तळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बांधावर माणसं, बांधाखाली माणसं, वडाच्या फांद्यांवर पोरं आणि कागलच्या फाट्यापर्यंत गाड्यांची रांग. शहरातल्या मंगळवार पेठेतनं दोन टेम्पो भरून बायका आल्या होत्या. श्रावणाची भुरभुर चालू होती, पण कुणी छत्री उघडली की मागनं आरडाओरडा व्हायचा, "ओ पावणं, छत्री मिटा की! मासं दिसंनात आमाला!"

मासे दिसत होते, यात खोटं काही नव्हतं. हिरव्यागार पाण्यावर हजारो तोंडं वर आली होती. कटला, रोहू, मृगळ, हाताएवढे, बोटाएवढे, सगळ्यांची तोंडं पाण्याबाहेर आणि ओठ सारखे उघडतायत, मिटतायत, उघडतायत, मिटतायत.

"ओठ बघा, ओठ!" जलानंद महाराज लाऊडस्पीकरवरनं सांगत होते. "गु-रु-दत्त! गु-रु-दत्त! मासा हा सृष्टीतला पहिला भक्त. त्याला पापणी नाही. पापणी नाही म्हणून झोप नाही. झोप नाही म्हणून त्याचं ध्यान अखंड! आणि तुम्ही माणसं? सात वाजेपर्यंत घोरता!"

लोक हसले, मग शरमले. शरमलेला माणूस लवकर हात जोडतो, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं.

"आणि ते पांढरे बगळे बघा. माशाचा जन्माचा वैरी! पण वैर विसरून शेजारी उभा आहे. हा नामाचा महिमा!"

तेवढ्यात एका बगळ्यानं पाण्यात चोच मारली आणि शेजारचा बोटाएवढा भक्त गिळला. आजूबाजूच्या कुणी ते बघितलं नाही, की बघून न बघितल्यासारखं केलं, कोण जाणे. सगळ्यांच्या हातात मोबाइल होते आणि मोबाइलमध्ये ओठच दिसत होते.

मी वर्षाराणी. तालुक्याच्या दूध शीतकरण केंद्रात सोळा वर्षं दूध तपासते. लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेणारा माणूस दुधात अर्धी बादली पाणी घालतो, हे मी रोज बघते. त्यामुळे शपथेवर माझा विश्वास उरलेला नाही. माझं तोंड फटकळ आहे, यावर सासर आणि माहेर दोन्हीकडचं एकमत आहे. त्या पहाटे मी तिथं गेले होते ती माशांसाठी नाही. पुढच्या रांगेत, महाराजांच्या पाटाजवळ, माझी सासू बसली होती. तानाबाई तिचं नाव. इकडं सासूला आत्ती म्हणतात, तशी मी तिला आत्ती म्हणते.

आत्तीला वीस वर्षांचा दमा आहे. बारा म्हशी एकटीनं सांभाळलेली बाई, पण पहाट झाली की छाती भरते. डॉक्टरांनी ओढायचा पंप दिलाय. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा ओढला की दिवसभर गावाला पुरून उरेल एवढं बोलते. तो पंप महाराजांनी बंद केला होता. "यंत्राची हवा आणि देवाची हवा एका छातीत नांदत नाहीत. एकवीस दिवस संध्याकाळी तळ्यात गूळ सोड. मासे तुझा दम ओढून घेतील," असं सांगितलं होतं. त्या दिवशी चौदावा दिवस होता. पाठमोऱ्या आत्तीचे खांदे श्वासागणिक कानापर्यंत वर जात होते आणि मला तिथंच रडायला आलं.

आता हा गूळ कुठून आला? आमच्याकडं कुणाला काही द्यायचं म्हटलं की आधी गूळच आठवतो. पावण्याला गूळपाणी, व्यालेल्या म्हशीला गूळ, देवाला गूळ. म्हणून महाराजांनी 'भक्त माशांना नैवेद्य' म्हटल्यावर कुणी विचार केला नाही. एकानं खडा टाकला, दुसऱ्यानं ढेप. दोन महिन्यांत तळ्यात किती गूळ गेला असेल ते गुऱ्हाळवाल्यांनाच विचारा. आणि जितका गूळ पडला तितका जप वाढला! आधी शंभर मासे वर यायचे, आता हजारो. याहून मोठा पुरावा लोकांना काय पाहिजे होता?

सात वाजले की महाराज उठायचे. "आता जलाभिषेक!" मग मोटर सुरू व्हायची. तळ्यातलंच पाणी पाइपानं वर जाऊन काठावरच्या पादुकांवर धो धो पडायचं आणि पायऱ्यांवरनं उड्या मारत परत तळ्यात यायचं. मासे धावत त्या पाण्याखाली जमायचे. "पादुकांच्या पाया पडतायत!" गर्दी गहिवरायची. अर्ध्या-पाऊण तासात मासे खाली जायचे आणि दर्शन बंद. दुपारी कुणी आलं तर उत्तर तयार, "दुपारी मासा मौन पाळतो."

गर्दी पांगल्यावर मी बांधाच्या टोकाला दिलदारच्या झोपडीपाशी गेले. पाणंदवाडीच्या तळ्यात मासे सोडायचे, वाढवायचे आणि धरायचे हे काम त्याच्या वडलांपासून त्याच्याकडं. बायको मेहमुदा दोन म्हशींचं दूध डेअरीला घालते आणि दुधात थेंबभर पाणी घालत नाही, हे मी यंत्रावर बघून सांगते. सरपंच हंबीररावांनी दिलदारचं जाळं बंद केलं होतं. "भक्ताला जाळ्यात धरायचं? पाप हाय!" असा ठराव.

"दिलदारभाऊ, खरं काय ते सांगा," मी म्हटलं.

"खरं ऐकायला कोण रिकामं हाय, वर्षाताई?" तो जाळ्याच्या गाठी सोडवत म्हणाला. "पैल्या दिवशीच सांगितलं मी. मासं जप न्हाय करालेत, गुदमराल्यात. पाण्यात वारं उरलं न्हाय, म्हणून तोंड वर काढत्यात. तर म्हणं, 'तू खाणारा, तुला भक्ती काय कळणार?' पण वर्षाताई, तुमी एक बघा. मरळ कुठं जप करती? मरळीला वरचं वारं घ्यायला येतंय. ती येती, एक घोट घेती, जाती. बाराही म्हैनं तसंच. तिचं चाललंय मजेत."

"महाराजांना विचारलंत?"

"इचारलं की. म्हणाले, मरळ मागच्या जन्मी नास्तिक हुती."

मेहमुदा आतनं चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मग नास्तिकच जगाल्यात म्हणायचं."

ती मला काठावर घेऊन गेली. ओल्या दगडांवर झिंगे चढून बसले होते, पाणी सोडून. लव्हाळ्यात तीन कटले उलटे तरंगत होते. "रोज पाच-सा निघत्यात," ती म्हणाली. "महाराजांचा माणूस सकाळी सकाळी उचलून नेतोय आणि म्हणतोय, मोक्ष मिळाला." तिनं नाक मुरडलं. "मोठा मासा आधी जातोय, मग मधला. ढगाळ दिवसांत लई. असंच चाललं तर दिवाळीला तळ्यात मरळ आणि डास, दोनच उरतील."

त्या रात्री आत्ती अंथरुणावर उठून बसली, हात गुडघ्यावर टेकून. छातीतनं शिट्टी वाजत होती. मी पंप पुढं केला. तिनं हात झटकला.

"सात... दिवस... राहिल्यात. मोडू नगंस... माझं."

"आत्ती, मरशीला की ओ!"

"मेलो तर... मोक्ष."

मी पंप पदराखाली धरून सकाळपर्यंत तिच्या पाठीवरनं हात फिरवत बसले. नवरा म्हणाला, "आईच्या श्रद्धेत पडू नगो." मी त्याला जे म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. आमच्या प्रयोगशाळेत दूध किती ताजं आहे हे बघायला त्यात एक निळा रंग घालतात, मिथिलीन ब्लू. परीक्षानळी बंद करून ठेवायची. दुधात जंतू जितके जास्त, तितक्या लवकर ते आतली हवा खाऊन टाकतात आणि हवा संपली की निळा रंग उडतो, दूध परत पांढरं. चांगलं दूध पाच तास निळं राहतं. घाण भांड्यातलं अर्ध्या तासात पांढरं होतं. सोळा वर्षं हे बघतेय आणि मला कळायला चौदा दिवस लागले! मी माझ्याच कपाळावर हात मारला.

मंगळवारी तळ्याचं पाणी नेलं, गूळ घातला, दोन थेंब निळं टाकलं, झाकून ठेवलं. संध्याकाळपर्यंत निळंच. बुधवारीही निळंच. मी हताश झाले. दिलदार म्हणतो ते चूक की काय? मग उजेड पडला: बाटली मी अर्धीच भरली होती. वरच्या रिकाम्या जागेतली हवा पाण्यात उतरत होती. गुरुवारी काठोकाठ भरली, बूच घट्ट लावलं. नऊ तासांत पाणी स्वच्छ, रंग गायब. दुसऱ्या बाटलीत तेच गूळपाणी उकळून, थंड करून भरलं होतं. ते शुक्रवारीही निळंशार.

म्हणजे गुन्हेगार गूळ एकटा नव्हता. गूळ खाऊन माजलेले जंतू होते. उकळल्यावर ते मेले आणि रंग टिकला.

पण हे सांगायचं कुणाला? शनिवारी मी हंबीररावांकडं गेले. ते म्हणाले, "वर्षाराणी, तू दुधातलं बघ. उद्या महाजप हाय, पाच हजार माणूस येणार हाय. आत्ता काय काढू नकोस." मी आत्तीला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या एकवीस. उद्या संध्याकाळपासनं बोल." उद्या संध्याकाळ तिला दिसेल का, याची मला खात्री नव्हती. तिच्या नखांवर निळसर झाक आली होती.

मग मी ठरवलं. या लोकांना चमत्कारच पाहिजे ना? घ्या.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता तळ्यावर महाजपाचा नैवेद्य चालला होता. ढेपांवर ढेपा पाण्यात जात होत्या. मी दोन बाटल्या घेऊन महाराजांच्या पाटासमोर गेले आणि केस थोडे सोडले. केस सोडले की आपल्याकडं निम्मं काम होतं.

"महाराज," मी मोठ्यानं म्हणाले, "माझ्या स्वप्नात निळं पाणी आलं. दोन बाटल्या भर, असं गुरुदत्त म्हणाले. एक नुसती, एक अग्नीतनं काढलेली. पहाटे एक बाटली पांढरी होईल म्हणाले."

महाराजांनी डोळे बारीक केले. पण समोर हजारभर माणूस बघत होतं आणि लोकांचा 'व्हय व्हय!' सुरू झाला होता. दुसऱ्याचा चमत्कार नाकारला तर आपल्याच चमत्काराला कोण विचारील? ते हसून म्हणाले, "ठेव माउली, पादुकांपाशी ठेव."

मी सगळ्यांसमोर तळ्याचं पाणी काढलं, त्यात मूठभर गूळ कालवला. एक बाटली तशीच काठोकाठ भरली. दुसरीचं पाणी प्रसादाच्या चुलीवर उकळून, बादलीत गार करून भरलं. दोन्हींत दोन थेंब निळं, वर बूच घट्ट. बुचावर हंबीररावांच्या सहीचा कागद डकवला. म्हटलं, सरपंच, तुम्हीच साक्षी.

रविवारी पहाटे पाचला पाय ठेवायची सोडा, श्वास घ्यायलाही जागा नव्हती. तीन दिवस ऊन नव्हतं. मासे आज काठापर्यंत आले होते, एकमेकांवर चढलेले, आणि ओठांची घाई भयंकर होती. महाराज रंगात आले होते. "आज कळस! आज जप शिगेला!"

शिगेला म्हणजे काय, ते दिलदारला कळत होतं. तो पाण्याकडं बघून रडत होता. मेहमुदा त्याचा दंड धरून उभी होती.

उजाडल्यावर मी बाटल्या उचलल्या. उकळलेली निळी. दुसरी स्वच्छ, पांढरी. गर्दीतनं 'आँ!' असा आवाज निघाला. हंबीररावांनी स्वतःची सही तपासली. मग मी बूच काढलं, थोडं पाणी ओतून दिलं, बाटली जोरात हलवली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पांढरं पाणी परत निळं झालं.

झालं! पहिली बाई माझ्या पायावर पडली. मग दुसरी. मग मंगळवार पेठेच्या दोन टेम्पोंपैकी एक अख्खा टेम्पो. "आई, माझ्या लेकीला मूल हू दे!" कुणीतरी माझ्या कपाळाला हळद लावली. मागनं घोषणा, "वर्षाराणी मातेचा विजय असो!" दोन मिनिटांत मी देवी झाले होते. खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. सोळा वर्षं मला कुणी 'ओ फॅटवाल्या बाई' याखेरीज हाक मारली नव्हती.

मग मी ओरडले. "उठा! उठा आधी! पायाला हात लावायचा न्हाय! ह्यात देव न्हाय, देवी न्हाय. हा डेअरीतला रंग हाय. दुधाला लावतो तोच. मी काल खोटं बोलले. स्वप्न-बिप्न काय पडलं न्हाय मला!"

पायावर पडलेली बाई तशीच वर बघत राहिली.

"पांढरी बाटली का झाली सांगते. त्यातलं वारं संपलं म्हणून. हलवल्यावर वारं मिसळलं, निळी झाली. वारं कुणी खाल्लं? पाण्यातल्या बारीक जंतूंनी. त्यांना बळ कुणी दिलं? गुळानं. दुसऱ्या बाटलीतलं पाणी उकळलं, जंतू मेले, वारं टिकलं. आता ही बाटली तळ्याएवढी करा. रोज संध्याकाळी त्यात गूळ सोडा. पहाटे काय हुईल? सांगा की! एवढे शाणे हाय न्हवं सगळे?"

"माते, तू भ्रमित आहेस," महाराज माइकवर म्हणाले. "ब्रह्मवेळी जप..."

"पहाटंच का, महाराज? दुपारी का न्हाय? मी सांगते. उसाचं खत पावसानं तळ्यात येतंय, त्यावर शेवाळ माजलंय. दिवसा ऊन असलं की तेच शेवाळ पाण्यात वारं सोडतं. रात्री ते सोडत न्हाय, उलट घेतं. जंतू घेतात, मासे घेतात, शेवाळ घेतं. पहाटेपर्यंत ताट रिकामं. आणि ढगाळ दिवसांत तर आदल्या दिवशीचंच कमी पडलेलं. तळं म्हणजे भावकी हाय! एकानं जास्त ओढलं की दुसरा उपाशी. आधी मोठा कटला मरतो, मग झिंगे बाहेर पळतात, बगळ्यांची चंगळ हुती, आणि वरचं वारं घेणारी मरळ तेवढी राहती. ह्यात जप कुठं हाय?"

लोक कुजबुजले. काही हसले. काही संतापले. "बाई नास्तिक हाय!" "दिलदारनं पढवलंय!" हंबीरराव मला हातानं खाली बस, खाली बस करत होते. मला कळलं, बाटलीनं डोकी हलली, पण ढळली नाहीत.

मी महाराजांकडं वळले. "बरं, माझं सगळं खोटं. एक करा. सातचा अभिषेक आत्ता करा. मोटर चालू करा."

"वेळ झालेली नाही."

"देवाला पाणी घालायला वेळ लागती व्हय?"

"जपाचा भंग होईल!"

"का हुईल? अभिषेक झाल्यावर जप जोरात व्हायला पाहिजे की!"

त्यांनी मान हलवून खूण केली. त्यांची दोन माणसं मोटरीच्या पेटीसमोर जाऊन उभी राहिली. तेवढ्यात मला आत्तीची शिट्टी ऐकू आली. ती पुढच्या रांगेत दोन्ही हात जमिनीला टेकून बसली होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं.

मी तिच्यासमोर बसले. आवाज खाली आणला. "आत्ती, माझ्याकडं बघू नका. त्या कटल्याकडं बघा. त्याच्या तोंडाकडं बघा. वीस वर्षं पहाटे अंथरुणात बसून तुमी काय करालाय? जप?"

आत्तीनं बघितलं. खूप वेळ बघितलं. पाण्याच्या कडेला एक मोठा कटला होता, तिच्यापासून हातभर अंतरावर. त्याचा ओठ आणि तिचा ओठ एकाच तालात हलत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मला दिसलं.

ती उठली. माझा हात झिडकारला. दोन पावलं, थांबणं, दोन पावलं. गर्दीनं वाट दिली. सत्तर वर्षांच्या बाईला कोण अडवणार? पेटीसमोरच्या माणसांपैकी एक तिच्याच म्हशीचं दूध पिऊन वाढलेला. तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि तो बाजूला झाला.

"म्हातारे, थांब!" महाराजांची शुद्ध भाषा गळून पडली. "आत्ता नगो! अजून अर्धा तास काय हुत न्हाय त्यांना! रोज तग धरत्यात, आज न्हाय धरणार व्हय?"

माइक चालू होता. ते वाक्य वडापर्यंत, गाड्यांपर्यंत, फाट्यापर्यंत गेलं.

हंबीरराव हळूच उभे राहिले. "महाराज," ते म्हणाले, "तग धरत्यात म्हंजे?"

आत्तीनं खटका दाबला. मोटर घुरघुरली, पाइप हिसकला आणि पाणी पादुकांवरनं पायऱ्यांवरनं तळ्यात कोसळायला लागलं. मासे तिकडं धावले. मंगळवार पेठेच्या बायका मोबाइल खाली करून नुसत्या बघत होत्या. पाच मिनिटं. दहा. पाण्यावरची तोंडं एकेक करून खाली गेली. दिलदार बोटानं दाखवत होता, "गेला. तो गेला. ती बघा, रोहू गेली खाली." पाऊण तासानं त्या कोपऱ्यात एकही ओठ वर नव्हता. मोटर तशीच चालू होती आणि तळ्यात जप करणारा कुणी उरला नव्हता.

"आता आमचं दोन शब्द," दिलदार पुढं आला. "ह्या माणसानं पैल्या दिवशी पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं, जिभेवर लावलं. मी तवाच वळखलं. साधू पाणी डोळ्याला लावतो. असं चाखून बघतो तो मत्स्यबीज केंद्रातला माणूस. महाराज, कुठल्या केंद्रावर हुता?"

ते उत्तर महाराजांनी नंतर पोलीस चौकीत दिलं: चार वर्षं मत्स्यबीजाच्या हौदांवर कामाला होते, पहाटे हवा कमी झाली की मासे वर येतात आणि पाणी धो धो सोडलं की वाचतात, हे तिथं शिकले. मासे मरू द्यायचे नाहीत आणि जगूही द्यायचे नाहीत, एवढीच त्यांची विद्या. हंबीररावांनी स्वतः तक्रार दिली. जाळ्याचा ठराव फाडतानाही तेच पुढं होते, आणि असे, की जणू ठराव दुसऱ्याच गावानं केला होता.

पण हे सगळं नंतरचं. त्या पहाटे आत्ती पेटीला टेकून खाली बसली आणि तिनं माझ्याकडं हात केला.

"आण तो."

पंप एकवीस दिवस माझ्या पिशवीत होता. तिनं सगळ्या गावासमोर ओढला. एकदा. थांबून दुसऱ्यांदा. पाच हजार माणूस एका म्हातारीला श्वास घेताना बघत उभं होतं. थोड्या वेळानं तिची शिट्टी बारीक झाली, खांदे खाली आले आणि ती पहिलं वाक्य बोलली ते माझ्याशी. "केस बांध की गं, भूत दिसालीस."

मी रडले आणि हसले आणि केस बांधले.

आता तुम्हाला, वाचणाऱ्यांना, सांगते. देवाला मानायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही. पण कुणी चमत्कार दाखवला तर तीन प्रश्न विचारा. हे याच वेळी का होतं? काय बदललं की बंद होतं? आणि औषध सोड म्हणणाऱ्याला माझ्या मरणाचं काय भय आहे? उत्तर द्यायला जो चिडतो, त्याच्यापुढं हात जोडू नका. आपण चांगल्या मनानं गूळ टाकला होता, पण चांगल्या मनानंही मासे गुदमरतात. पाण्याला मन कळत नाही, त्यात काय पडलं तेवढंच कळतं.

तळं अजून पुरतं सुधारलेलं नाही. कटला कमी झालाय, मरळ वाढलीय, दिलदार म्हणतो दोन पावसाळे लागतील. मोटर पहाटे चारला सुरू होते. ती पाळी गावानं वाटून घेतलीय. झिंगे पाण्यात परतलेत.

परवा एक जोडपं चारचाकीतनं आलं, हातात पिवळाधमक गूळ. बांधावर काठी घेऊन आत्ती बसली होती. हल्ली रोज बसते.

"आजी, जप करणारे मासे कुठं दिसतील?"

"जप न्हाय करत आता ती," आत्ती म्हणाली. "पोटभर श्वास घेत्यात." मग गुळाकडं बघून म्हणाली, "आणलाय तर द्या हिकडं, पावणं. बसा. मेहमुदा चहा टाकालीय."